समच्छेदातून चष्मा घडवणारा डॉक्टर

वयाची चाळिशी उलटली की हातातले वर्तमानपत्र हळूहळू दूर जाऊ लागते. सुईत दोरा ओवायला घरातल्या लहान मुलाला हाक मारावी लागते. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे दिव्याखाली धरली तरी लागत नाहीत. मराठीने या अवस्थेला आणि तिच्यावरच्या चष्म्यालाही एकच नाव देऊन टाकले आहे, चाळिशी. आज नेत्रतपासणीत पाच-दहा मिनिटांत +१.२५ किंवा +२.०० असा नंबर मिळतो आणि काम भागते. हा नंबर काढण्यामागे शाळेत शिकलेला, आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर विसरून टाकलेला, समच्छेद अपूर्णांकांचा हिशेब आहे. तो हिशेब डोळ्याला लावून चष्म्याला अंदाजाच्या व्यवहारातून शास्त्रात आणण्याचे मोठे श्रेय ज्यांना जाते, ते डच डॉक्टर म्हणजे फ्रान्सिस्कुस कॉर्नेलिस डॉन्डर्स.

डॉन्डर्स यांचा जन्म २७ मे १८१८ रोजी नेदरलँड्समधील टिलबर्ग या गावी झाला. आठ बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक मुलगा. वडील लवकर वारले आणि घराचा भार आईवर आला. वयाच्या सतराव्या वर्षी, १८३५ मध्ये, ते उट्रेख्ट येथील लष्करी वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. १८४० मध्ये त्यांनी लायडन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळवली आणि काही काळ लष्करी डॉक्टर म्हणून नोकरी केली. १८४२ मध्ये ते शिक्षक म्हणून उट्रेख्टला परतले आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी त्याच शहरात काढले. १८४७ मध्ये ते तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांचा ओढा होता शरीरक्रियाशास्त्राकडे. शरीर कसे चालते, हे मोजून पाहायचे, ही त्यांची वृत्ती. डोळ्यांचे डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी आधीपासून ठरवलेले नव्हते. जर्मन भाषेतील नेत्ररोगांच्या एका पाठ्यपुस्तकाचे डचमध्ये भाषांतर करताना या विषयाशी त्यांची जवळीक वाढली. पुढे १८५१ मध्ये ते लंडनला गेले. त्या वर्षी तिथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. लंडनमध्ये त्यांची गाठ बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे आणि लंडनचे विल्यम बोमन यांच्याशी पडली. तिघांची मैत्री आयुष्यभर टिकली. त्याच वर्षी हेल्महोल्त्झ यांनी डोळ्याच्या आत डोकावण्याचे उपकरण, म्हणजे नेत्रदर्शक, जगापुढे आणले होते. जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच डॉक्टरांना दिसू लागले होते. नेत्रवैद्यकाला नवे दिवस येत असताना डॉन्डर्स यांनी त्यात पाऊल टाकले आणि १८५२ पासून ते उट्रेख्टमध्ये डोळ्यांचे रुग्ण तपासू लागले. १८५८ मध्ये गरीब आणि अल्प उत्पन्नाच्या नेत्ररुग्णांसाठी देणग्यांच्या बळावर त्यांनी तिथे रुग्णालय सुरू केले.

या रुग्णांमध्ये एक गट असा होता की त्याचे दुखणे कोणालाच नीट उमगत नव्हते. शिवणकाम करणाऱ्या बायका, लेखनिक, विद्यार्थी, छपाईचे खिळे जुळवणारे कामगार. त्यांचे डोळे बाहेरून निरोगी दिसत. दूरचेही त्यांना दिसे. पण थोडा वेळ जवळचे काम केले की अक्षरे पुसट होत, कपाळ ठणके, डोळ्यांतून पाणी येई. थोडी विश्रांती घेतली की बरे वाटे, पुन्हा काम हाती घेतले की पुन्हा तेच. दृष्टिपटल किंवा नस कमजोर झाली असावी, असा तर्क केला जाई. कोणाला जळवा लावल्या जात, कोणाला महिनोन्‌महिने वाचन बंद ठेवायला सांगितले जाई. अखेरचा सल्ला असे तो धंदा सोडण्याचा. सुईवर पोट असणाऱ्या बाईने सुई सोडायची, म्हणजे घर कशावर चालवायचे? आणि बहिर्वक्र भिंगाचा चष्मा लावला तर उरलीसुरली दृष्टीही जाईल, ही भीती डॉक्टरांच्याच मनात होती. त्यामुळे ज्या काचेने हे दुखणे थांबले असते, तीच निषिद्ध ठरली होती.

डॉन्डर्स यांनी या प्रश्नाची उकल केली ती हिशेबाने. हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

बहिर्वक्र भिंग प्रकाशकिरणांना वाकवून एका बिंदूत आणते. भिंगापासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे नाभीय अंतर. भिंग जितके जोरकस, तितका तो बिंदू जवळ. म्हणजे भिंगाची ताकद अंतराच्या उलट चालते. सहा इंच नाभीय अंतराच्या भिंगाची ताकद १/६, बारा इंचाच्या भिंगाची १/१२. त्या काळी भिंगे इंचांनीच ओळखली जात, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे सौम्य भिंग असा उलटा व्यवहार होता. दोन पातळ भिंगे एकमेकांना चिकटवून ठेवली तर त्यांच्या इंचांची बेरीज करून चालत नाही, त्यांच्या अपूर्णांकांची करावी लागते. आणि अपूर्णांकांची बेरीज किंवा वजाबाकी करायची तर छेद सारखे करावे लागतात. सहावा भाग आणि बारावा भाग ही वेगवेगळी मापे आहेत. दोन्ही बाराव्या भागांत मोजले की २/१२ आणि १/१२, आणि बेरीज ३/१२, म्हणजे १/४. ही दोन भिंगे मिळून चार इंचांच्या एका भिंगाचे काम करतात.

डोळ्यातही असेच भिंग आहे, आणि ते आपला फुगीरपणा बदलू शकते. दूर पाहताना ते चपटे असते, जवळ पाहताना स्नायूच्या आकुंचनाने फुगते. या क्षमतेला समायोजन शक्ती म्हणतात. डॉन्डर्स यांनी ती मोजायची रीत सोपी केली. एखाद्याला स्पष्ट दिसणारा सर्वांत जवळचा बिंदू किती इंचांवर आहे आणि सर्वांत दूरचा किती इंचांवर आहे, हे मोजायचे. जवळच्या अंतराच्या उलट अपूर्णांकातून दूरच्या अंतराचा उलट अपूर्णांक वजा करायचा. उरेल ती समायोजन शक्ती.

आता तीन माणसे डोळ्यांसमोर आणावीत, तिघेही पस्तिशीच्या आसपासचे. पहिल्याची दृष्टी निर्दोष. त्याला अनंत अंतरापासून सहा इंचांपर्यंत स्पष्ट दिसते. अनंताचा उलट अपूर्णांक शून्य, म्हणून त्याची शक्ती १/६. दुसरा निकटदृष्टीचा. त्याला बारा इंचांपासून चार इंचांपर्यंतच स्पष्ट दिसते. वरवर पाहता त्याच्याकडे फक्त आठ इंचांचा पट्टा आहे, पहिल्याकडे अख्खे आकाश. पण १/४ वजा १/१२, छेद सारखे करून ३/१२ वजा १/१२, उत्तर २/१२. म्हणजे १/६. शक्ती तेवढीच! तिसरी शिवणकाम करणारी बाई. तिचा डोळा आखूड आहे, त्यामुळे भिंग सैल असताना दूरच्या वस्तूचीही प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडते. तिचा दूरचा बिंदू डोळ्याच्या पाठीमागे, समजा बारा इंचांवर, कल्पावा लागतो. म्हणून तो अपूर्णांक वजा न होता मिळवला जातो. तिचा जवळचा बिंदूही बारा इंचांवर आहे. १/१२ अधिक १/१२, म्हणजे २/१२, पुन्हा १/६.

तिघांचे डोळे पूर्ण वेगळे वागतात, पण त्यांच्यातल्या भिंगाची लवचीकता अगदी सारखी आहे. डोळ्याची बांधणी ही एक गोष्ट आणि समायोजनाची शक्ती ही दुसरी गोष्ट, हे या हिशेबातून लख्ख दिसले. तोवर या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होत होती. दूरदृष्टिता म्हणजे म्हातारपणाची दृष्टी लवकर आली, असा समज होता. डॉन्डर्स यांनी दोन्ही वेगळ्या केल्या. दूरदृष्टिता ही आखूड डोळ्याची बांधणी, ती लहान मुलातही असते. वृद्धदृष्टिता म्हणजे आपली चाळिशी, ती भिंगाची लवचीकता कमी झाल्याने येते आणि ती कोणालाच चुकत नाही. समायोजन शक्ती चाळिशीत अचानक जात नाही, बालपणापासूनच ती दरवर्षी थोडीथोडी घटत असते, हेही त्यांनी वेगवेगळ्या वयांच्या माणसांची मोजमापे घेऊन दाखवले. चाळिशीत ती वाचनाच्या अंतराला अपुरी पडू लागते, एवढेच.

आता त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे दुखणेही उलगडते. बारा इंचांवर सुई धरली की निर्दोष डोळ्याला २/१२ पैकी १/१२ शक्ती लागते, म्हणजे अर्धी. तिला मात्र दूरचे स्पष्ट दिसायलाच १/१२ खर्च करावे लागतात आणि जवळच्या कामाला आणखी १/१२. सगळी शक्ती संपली, शिल्लक काही नाही. एखाद्याने दिवसभर पूर्ण ताकदीनिशी ओझे उचलून धरावे, तसे तिचे डोळ्यातले स्नायू राबत होते. दृष्टिपटल ठीक होते, नस ठीक होती. तिला हवे होते १/१२ ताकदीचे बहिर्वक्र भिंग. ते मिळाले की दूरचे काम डोळ्याला फुकट होते आणि शिवणकामाला अर्धीच शक्ती पुरते. जळवा नकोत, धंदा सोडणे नको. असंख्य लोकांना डॉक्टरांनी अधू ठरवले होते, त्यांना काचेच्या एका जोडीने कामावर परत पाठवता येऊ लागले.

चाळिशीचा नंबर काढतानाही हेच गणित, फक्त त्यात एक अज्ञात संख्या येते. समजा एका गृहस्थांना वीस इंचांच्या आत स्पष्ट दिसत नाही आणि पुस्तक बारा इंचांवर धरायचे आहे. भिंगाचे नाभीय अंतर क्ष मानू. मग १/क्ष अधिक १/२० बरोबर १/१२. वीसातून बारा वजा करून आठ इंचांचे भिंग दिले तर ते कितीतरी पट जोरकस होईल आणि डोके गरगरेल. इथे सर्व छेदांचा लसावि घ्यायचा, ६०क्ष, आणि प्रत्येक पदाला त्याने गुणायचे. छेद नाहीसे होतात आणि उरते ६० अधिक ३क्ष बरोबर ५क्ष. म्हणून २क्ष बरोबर ६० आणि क्ष बरोबर ३०. तीस इंचांचे सौम्य भिंग पुरेसे आहे. ताळा पाहायचा तर १/३० म्हणजे २/६०, १/२० म्हणजे ३/६०, बेरीज ५/६०, म्हणजे १/१२. प्रत्यक्षात डॉक्टर याहून थोडे जास्त देतात, कारण सगळी शक्ती पणाला लावून कोणालाच फार वेळ वाचता येत नाही. काही शिल्लक राखावी लागते.

अशा समीकरणांत एक पथ्य असते. अज्ञात छेदात असल्याने तो शून्य असून चालत नाही, आणि कधी कधी उत्तरच निघत नाही. एखाद्याचा जवळचा बिंदू आधीच बारा इंचांवर असेल, तर १/क्ष अधिक १/१२ बरोबर १/१२ असे समीकरण होते. लसावि १२क्ष ने गुणले की १२ अधिक क्ष बरोबर क्ष, म्हणजे १२ बरोबर ०. हे अशक्य आहे. गणिताच्या वहीत तिथे उकल नाही असे लिहितात. दवाखान्यात त्याचा अर्थ असा, की त्या अंतरावर पाहायला या माणसाला भिंगाची गरज नाही. आणि निकटदृष्टीच्या माणसाला दूरचे दाखवायचे असेल तर १/क्ष अधिक १/१२ बरोबर ०. गुणून १२ अधिक क्ष बरोबर ०, क्ष बरोबर उणे १२. उणे चिन्ह सांगते की भिंग अंतर्वक्र हवे. चष्म्याच्या चिठ्ठीवरचे प्लस आणि मायनस हे असे येतात.

डोळ्याच्या पुढच्या पारपटलाची वक्रता उभ्या-आडव्या दिशेत सारखी नसेल तर रेषा एका दिशेत स्पष्ट आणि दुसऱ्या दिशेत पुसट दिसतात. या दोषाचे वर्णन इंग्लंडमध्ये टॉमस यंग यांनी आधीच केले होते आणि खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी स्वतःसाठी दंडगोलाकार भिंगही करून घेतले होते. पण तो अपवादात्मक विकार मानला जाई. तो किती सर्रास आढळतो आणि सिलिंड्रिकल भिंगाने कसा दुरुस्त करायचा, हे डॉन्डर्स यांनी १८६० नंतरच्या लिखाणातून डॉक्टरांना पटवून दिले. लहान मुलांच्या आतल्या बाजूच्या तिरळेपणाचे दूरदृष्टितेशी असलेले नातेही त्यांनीच स्पष्ट केले. आखूड डोळ्याचे मूल स्पष्ट पाहण्यासाठी समायोजनाचा जोर लावते, आणि त्या जोराबरोबर डोळे आत वळतात.

हे सारे काम १८६४ मध्ये लंडनच्या न्यू सिडनहॅम सोसायटीने इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी तो अनेक वर्षे पायाभूत ग्रंथ होता. त्यांचेच सहकारी हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये दृष्टी मोजण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला. दवाखान्याच्या भिंतीवर आजही तो टांगलेला असतो. तिथेही अपूर्णांकच, ६/६ आणि ६/१२.

डॉन्डर्स यांच्या पद्धतीत एक अडचण राहिली होती. त्यांचे आकडे पॅरिसच्या इंचात होते. तो इंच सुमारे २७ मिलिमीटरचा, इंग्लिश इंच २५.४ मिलिमीटरचा, इतर देशांचे आणखी वेगळे. एका देशातला १/१२ दुसऱ्या देशात तोच नव्हता. शिवाय प्रत्येक रुग्णामागे छेद सारखे करत बसावे लागे. १८७२ मध्ये फ्रान्सचे फर्डिनांड मोनोये यांनी डायॉप्टर हे एकक सुचवले. एक मीटर नाभीय अंतराच्या भिंगाची ताकद एक डायॉप्टर, अर्ध्या मीटरची दोन, पाव मीटरची चार. सगळ्या जगाला जणू एकच समच्छेद मिळाला. वर आलेले १/१२ म्हणजे सुमारे तीन डायॉप्टर. आता तीन उणे दोन बरोबर एक, अशी साधी वजाबाकी पुरते. समच्छेद नाहीसा झाला नाही, तो एककातच जाऊन बसला.

१८६२ मध्ये डॉन्डर्स शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि नेत्ररुग्णांचे काम हळूहळू स्नेलेन यांच्याकडे गेले. नव्या प्रयोगशाळेत त्यांनी असाच एक वजाबाकीचा प्रयोग केला. इशारा मिळताच ठरलेली एकच कृती करायला माणसाला किती वेळ लागतो, आणि दोन इशाऱ्यांतून ओळखून निवड करायची असेल तर किती, हे त्यांनी मोजले. दोन्ही वेळा एकाच मापात घेऊन वजा केल्या की उरतो तो निवड करण्याचा वेळ. विचाराला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, हे १८६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवले. प्रायोगिक मानसशास्त्राच्या पायाभूत प्रयोगांत त्याची गणना होते.

सत्तरी पूर्ण झाल्यावर १८८८ मध्ये नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले. देशोदेशीच्या चाहत्यांनी त्यांच्या नावे निधी उभारला. त्यानंतर वर्षही गेले नाही, आणि २४ मार्च १८८९ रोजी उट्रेख्टमध्ये त्यांचे निधन झाले. त्या शहरातील एका चौकात त्यांचा पुतळा उभा आहे.

दीडशे वर्षांनंतरही त्यांनी सोडवलेला प्रश्न घराघरांत आहे. अभ्यासाला बसले की डोके दुखते म्हणणारे मूल दरवेळी टाळाटाळ करत नसते. फळ्यावरचे दिसते म्हणून त्याचे डोळे ठीक आहेत, असेही नाही. आखूड डोळ्याचे मूल जोर लावून सगळे वाचून दाखवते, म्हणून अशा मुलांत थेंब घालून, समायोजन सैल करून तपासणी करावी लागते. लहानग्याचा डोळा आत वळत असेल तर मोठेपणी आपोआप सुटेल म्हणून थांबू नये, वेळीच लावलेल्या चष्म्याने अनेकांचे डोळे सरळ होतात. चष्म्याची सवय लागते आणि नंबर वाढतो, ही भीती आजही ऐकू येते. डॉन्डर्स यांच्या काळातल्या डॉक्टरांचीही तीच होती. चाळिशीचा नंबर वाढतो तो वय वाढते म्हणून, चष्मा लावला म्हणून नव्हे. आणि चाळिशीला तपासणी करून घेतलेला चष्मा बरा, कारण दोन डोळ्यांचे हिशेब सारखेच असतील असे नाही, आणि त्या निमित्ताने डोळ्याचा दाब व दृष्टिपटलही पाहून होते.